बारावीचें जीवशास्त्र आणि आमचें घर

संक्रांत झाली कीं आमच्या घरांत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात : बायकांचीं हळदीकुंकवें आणि बारावींतल्या मुलांच्या सराव-परीक्षा. पहिल्या गोष्टीशीं पुरुषमाणसांचा संबंध तिळगुळाच्या वाटीपुरता. दुसरीशीं माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाचा संबंध मात्र कांहीं केल्या सुटत नाहीं. मूल परीक्षेहून घरीं आलें कीं त्याच्या हातांतली प्रश्नपत्रिका मागून घ्यावयाची आणि चष्मा पुसून ती वाचूं लागावयाचें, ही माझी चौतीस वर्षांची खोड. गेल्या संक्रांतीच्या सुमारास आमची नात जीवशास्त्राचा सराव-पेपर देऊन आली तेव्हां मीं तेंच केलें. त्या एका कागदावरून पुढें आठ-दहा दिवस आमच्या घरांत जें घडलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहें.

प्रथम माझा अधिकार किती तें सांगतों. मी मॅट्रिक झालों, पुढें पाठशाळेंत व्याकरण, काव्य आणि थोडासा आयुर्वेद वाचला, व बीड जिल्ह्यांतल्याच शाळांतून संस्कृत आणि मराठी शिकवून निवृत्त झालों. जीवशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु उत्तर पाठ केलेलें आहे कीं समजलेलें आहे, एवढें शिक्षकाला कोणत्याहि विषयांत ओळखूं येतें. शिंप्याला कापड कोणत्या गिरणीचें तें ठाऊक नसलें तरी उसवलेली शिवण दिसतेच.

आमचें घर एकत्र आहे. थोरले बंधु निवर्तले. वहिनी आहेत, त्यांचे दोन मुलगे सहकुटुंब आहेत, आणि आम्ही उभयतां. आम्हांला दोन मुलीच. धाकटीची मुलगी अकरावीपासून शिक्षणासाठीं आमच्याकडे आली, ती ही नात. थोरल्या पुतण्याचा मुलगाहि यंदा बारावींतच. तो लातूरला राहून 'नीट'ची शिकवणी करतो व सणावारीं घरीं येतो. ह्या दोघांच्या परीक्षांनीं घर गजबजलेलें असतें.

नातीच्या हातांतली पत्रिका राज्य मंडळाच्या धर्तीवर काढलेली होती. बारावीचें जीवशास्त्र १०० गुणांचें. त्यांत ७० लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे. लेखी परीक्षेस तीन तास. पहिले १० गुण चार पर्यायांतून एक निवडण्याचे, पुढले ८ एका वाक्याच्या उत्तरांचे. मग दोन-दोन, तीन-तीन आणि अखेरीस चार-चार गुणांचे प्रश्न. पुस्तकांत १५ प्रकरणें आहेत. वनस्पतींच्या जननापासून आरंभ, मग प्राण्यांचें जनन, आनुवंशिकता, उत्क्रांति, झाडें पाणी कशीं शोषितात तें, श्वसन व रक्ताभिसरण, रोग, आणि शेवटीं जैवविविधता. अनुक्रमणिका ऐकतांना माझ्या मनांत आलें कीं असलें पुस्तक शेतकऱ्याच्या, वैद्याच्या आणि गृहिणीच्या, तिघांच्याहि घरीं असावयास पाहिजे.

अडचण एकच, पत्रिका इंग्रजींत होती. येथें थोडें विषयांतर करितों. माझे वडील निजामाच्या राजवटींत शिकले. बीड तेव्हां हैदराबाद संस्थानांत होतें, आणि १९१८ सालीं सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू ठेविलें होतें. त्यासाठीं भाषांतराचा स्वतंत्र विभाग काढून शास्त्रीय परिभाषाहि घडविली होती. वडिलांच्या तोंडीं वनस्पतिशास्त्राला 'नबातियात' आणि प्राणिशास्त्राला 'हैवानियात' हे शब्द अखेरपर्यंत होते. १९४८ मध्यें संस्थान भारतांत विलीन झालें, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्र झाला. आम्ही 'पेशी' आणि 'हरितद्रव्य' म्हणत मराठींतून शिकलों. नातहि दहावीपर्यंत मराठींतूनच शिकली. अकरावीला विज्ञान शाखा घेतली आणि पेशीची 'सेल' झाली, परासरणाचें 'ऑस्मॉसिस' झालें. तीन पिढ्यांनीं तीन भाषांतून एकच पेशी पाहिली, आणि प्रत्येक पिढीला मागच्या पिढीशीं तिच्याविषयीं बोलणें अवघड होऊन बसलें.

मीं नातीस म्हटलें, "मला हें इंग्रजी कळत नाहीं. एकेक प्रश्न मराठींत सांग." ती पहिल्याच प्रश्नाला अडखळली. उत्तर तिला येत होतें; इंग्रजींत तिनें तें धडाधड म्हणून दाखविलें. पण मराठींत सांगतांना वाक्य मध्येंच तुटे आणि ती हातानें हवेंत आकृति काढूं लागे. मराठींत शब्द नाहींत म्हणावें तर तसेंहि नाहीं. शासनाच्या भाषा संचालनालयानें जीवशास्त्राचा परिभाषा कोश प्रसिद्ध केलेला आहे, आणि 'नीट' परीक्षा २०१७ पासून मराठींतहि देतां येते. परंतु दोन वर्षें ज्या भाषेंत शास्त्र कानांवर पडलें नाहीं तिच्यांत आयुष्याची परीक्षा देण्यास कोण धजेल? मराठी पत्रिका मागणारीं मुलें फारच थोडीं निघतात. आणि मराठींत सांगतां न येणारें शास्त्र वहीबाहेर पडून ओसरीवर यावयाचें कसें, हा माझा प्रश्न आहे.

लातूरचे आमचे चिरंजीव त्याच दिवशीं सणाला आले होते. त्यांचा रंग वेगळा. 'नीट'मध्यें, २०२५ च्या परीक्षेप्रमाणें, १८० प्रश्न आणि १८० मिनिटें. त्यांतले ९० प्रश्न जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला ४ गुण मिळावयाचे आणि चुकीच्या उत्तराला १ गुण कापावयाचा. एका प्रश्नास एक मिनिट म्हणजे विचार करण्यास वेळ नाहींच. आठवावयाचें आणि खूण करावयाची. त्याला मीं परसांतल्या सीताफळाकडे बोट दाखवून विचारलें, "उन्हाळ्याच्या अखेरीला हें झाड फुलांनीं भरून जातें, मग फळें इतकीं थोडीं कां धरतात?"

"आजोबा, हें सिलॅबसमध्यें नाहीं," तो म्हणाला.

वाचकहो, बीडचें सीताफळ म्हणजे साधें फळ नव्हे. २०१६ मध्यें त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर, जेथें दुसरें फळझाड तग धरीत नाहीं, तेथें हें उभें असतें. त्याच्या फुलाची गंमत मला पूर्वीं शेतकी खात्यांतल्या एका गृहस्थांनीं सांगितली होती. फुलांतला स्त्रीभाग आधीं पक्व होतो. पराग मागाहून सुटतात, आणि ते सुटेपर्यंत स्त्रीभाग सुकून गेलेला असतो. म्हणजे एकाच फुलाचे पराग त्याच्याच कामीं येत नाहींत. नुकत्या उमलत्या फुलावर दुसऱ्या, आधीं उमललेल्या फुलाचे पराग पोंचावे लागतात, आणि तें काम अगदीं बारीक भुंगेरे करितात. ते कमी पडले कीं फूल गळतें. जाणते बागाईतदार म्हणूनच मऊ कुंचल्यानें स्वतः पराग लावितात. मीं हें सांगूं लागलों तों नात मध्येंच ओरडली, "अरे, हें तर प्रोटोगायनी! पहिल्याच धड्यांत आहे!" त्या दोघांनाहि व्याख्या मुखोद्गत होती. जिच्या सावलींत बसून ती पाठ केली त्या झाडाला मात्र ती कधीं लावून पाहिली नव्हती.

सुश्रुतसंहितेंत अर्थ न जाणतां केवळ पाठ करणाऱ्याला चंदनाचें ओझें वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे : त्याला भार कळतो, चंदन कळत नाहीं. त्याच ग्रंथांत शिष्याचा हात कसा तयार करावा तेंहि आहे. भोपळा, काकडी, कलिंगड ह्यांवर छेद घेण्याचा अभ्यास, पाण्यानें भरलेल्या कातडी पिशवीवर भेद करण्याचा अभ्यास, कमळाच्या देठावर शीर तोडण्याचा अभ्यास. आजच्या ३० गुणांच्या प्रात्यक्षिकाचा हेतु ह्याहून वेगळा नाहीं. कांद्याच्या मुळाचें टोंक रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं दुभंगणारी पेशी स्वतः पाहिली म्हणजे ती जन्मभर विसरत नाहीं. पण बहुतेक ठिकाणीं वहीवर सही आणि सर्वांस जवळजवळ सारखेच गुण, असा प्रकार चालतो. त्याबद्दल अधिक लिहीत नाहीं.

जुन्यांचें कौतुक करितांना त्यांच्या चुकाहि सांगितल्या पाहिजेत. आमच्या शास्त्रकारांनीं प्राण्यांचे जरायुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज असे वर्ग केले. त्यांतला 'स्वेदज', म्हणजे घामांतून व ओलींतून आपोआप उपजणारा जीव, ही समजूत युरोपांतहि होती. पाश्चरनें १८६० नंतरच्या वर्षांत ती प्रयोगानें खोडून काढली. तसेंच शुक्राचें आधिक्य असतां पुत्र व आर्तवाचें आधिक्य असतां कन्या, असें आमच्या वैद्यकांत सांगितलें आहे. मी हें वर्गांत प्रमाण म्हणून सांगितलेलें आहे. १९०५ मध्यें अमेरिकेंत नेटी स्टीव्हन्स ह्या विदुषीनें एका किड्याच्या पेशींत आणि त्याच सुमारास एडमंड विल्सन ह्यांनीं स्वतंत्रपणें, नर-मादीचा भेद गुणसूत्रांनीं ठरतो हें दाखविलें. नातीच्या पत्रिकेंत तीन गुणांचा प्रश्न हाच होता : मानवांत अपत्याचें लिंग कसें ठरतें?

तिचें उत्तर मीं मराठींतून वदवून घेतलें. स्त्रीच्या बीजांत नेहमीं 'एक्स' गुणसूत्रच असतें. पुरुषाच्या शुक्रपेशींपैकीं निम्म्यांत 'एक्स' आणि निम्म्यांत 'वाय'. 'एक्स'वाली मिळाली तर मुलगी, 'वाय'वाली मिळाली तर मुलगा. सबब अपत्याचें लिंग पित्याकडून आलेल्या गुणसूत्रावरून ठरतें. आकृतीसह पूर्ण उत्तर. मी असतों तर तिन्ही गुण दिले असते.

चौथ्या दिवशीं धाकट्या पुतण्याच्या मुलीचें बोरन्हाण होतें. हा पुतण्या वहिनींचें शेंडेफळ. ही त्याची दुसरी मुलगी. हलव्याचे दागिने घालून पोर पाटावर बसली होती, डोक्यावरून बोरें, चुरमुरे ओतले जात होते, आळींतलीं मुलें तीं वेंचीत होतीं. कोणी तरी म्हणालें, "पहिली बेटी, धनाची पेटी." त्यावर वहिनी म्हणाल्या, "पहिली झाली हो. ही दुसरी. सूनबाईच्या माहेरचाच वंश तसा. तिच्या आईलाहि तिघी मुलीच." सूनबाई पोराच्या डोक्यावरचे चुरमुरे झटकीत होती. तिनें मान वर केली नाहीं. माझी नात तिच्या शेजारींच ताट धरून उभी होती.

रात्रीं मीं नातीस विचारलें, "मोठी आजी बोलली तें तूं ऐकलेंस. चार दिवसांपूर्वीं तूं काय लिहून आलीस?"

"तें पेपरांत विचारलें होतें, आजोबा," ती म्हणाली. "इथें मला कोणीं विचारलें?"

ह्या उत्तराचा मला राग यावयास हवा होता. पण वाटली ती लाज. १९८५ सालीं आमची धाकटी, म्हणजे ह्याच नातीची आई, जन्मली. पहिलीहि मुलगीच होती. माझी आई बाळंतिणीच्या खोलीकडे बारा दिवस फिरकली नाहीं. बारशाच्या दिवशीं मीं पंचांग पाहून नक्षत्रावरून अक्षर काढून दिलें, आणि आईला एक शब्दहि बोललों नाहीं. मला ठाऊक नव्हतें असें म्हणण्याची सोय नाहीं. शाळेंतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनीं चहा पितांना हीच गोष्ट मला पूर्वीं समजावून सांगितली होती, आणि मीं ती रस घेऊन ऐकलीहि होती. माझ्या बायकोनें तो विषय चाळीस वर्षांत काढला नाहीं. मीं तो त्या रात्रीं नातीपुढें काढला तेव्हां ती स्वयंपाकघराच्या दारांत उभी होती, एवढें मला दिसलें.

हें एका घरापुरतें असतें तर मासिकांत छापण्याचें कारण नव्हतें. निसर्गतः दर १००० मुलग्यांमागें सुमारें ९५० मुली जन्मतात. बीड जिल्ह्यांत सहा वर्षांखालील मुलांत हें प्रमाण २००१ च्या शिरगणतींत ८९४ होतें आणि २०११ मध्यें ८०७ वर आलें. त्या वेळीं साऱ्या महाराष्ट्रांत तें सर्वांत खालचें ठरलें. गर्भलिंग तपासण्यास बंदी करणारा कायदा देशांत सर्वांआधीं महाराष्ट्रानेंच १९८८ मध्यें केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. म्हणजे हीं तूट कायदा झाल्यानंतरची. २०१५ मध्यें 'बेटी बचाओ' योजना निघाली तेव्हां तिच्या पहिल्या १०० जिल्ह्यांत बीडचें नांव होतें. २०२१ ची शिरगणती ठरल्या वेळीं झाली नाहीं, त्यामुळें तशाच मोजणीचा पुढचा आंकडा पुढें ठेवतां येत नाहीं. आणि ह्याच जिल्ह्यांत अंबाजोगाईला १९७० नंतरच्या दशकापासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, दरवर्षीं हजारों मुलें बारावीला जीवशास्त्राचा पेपर देतात, आणि लिंगनिश्चितीचें उत्तर त्यांतलीं बहुतेक पाठ करून जातात. तीं मुलें संध्याकाळीं ज्या घरीं परततात त्या घरांतलेच हे आंकडे आहेत.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मीं नातीस सांगितलें कीं तिची खरी प्रात्यक्षिक परीक्षा मी घेणार. परीक्षक मोठी आजी. इंग्रजी शब्द वापरावयाचा नाहीं, आकृति काढावयाची नाहीं. तिनें तासभर डोकें खाजवलें. मग सारीपाटाच्या डब्यांतून १० कवड्या आणल्या, फडताळांतून ३० चिंचोके आणले, आणि तिच्या आजीनें दिलेल्या दोन खणाच्या पिशव्या घेतल्या. एकींत २० चिंचोके; ही आईची पिशवी. दुसरींत १० चिंचोके आणि १० कवड्या, ही बापाची.

वहिनी पोथी मिटून बसल्या होत्या. नात म्हणाली, "मोठी आजी, न पाहतां दोन्ही पिशव्यांतून एकेक काढ. दोन्ही चिंचोके आले तर मुलगी. चिंचोका आणि कवडी आली तर मुलगा."

वहिनींनीं काढलें. दोन चिंचोके. तीं परत पिशव्यांत टाकून पुन्हां काढलें. असें करीत त्यांनीं वीस वेळां काढलें, आणि आमचे लातूरकर भिंतीला टेकून कागदावर खुणा करीत होते. अकरा मुली, नऊ मुलगे. मध्यें एकदां लागोपाठ चार मुली. सबंध वेळ वहिनी गंभीरपणें आईच्या पिशवींत हात घालून कवडी शोधीत होत्या असें मला वाटलें.

"हींत कवडी नाहींच," त्या अखेर म्हणाल्या.

"नाहींच," नात म्हणाली.

"आणि तिच्या आईच्या तिघी मुली?"

"त्याहि त्यांच्या वडिलांच्या पिशवींतल्या. आणि वडिलांनीं तरी कुठें पाहून काढलें? हात आंधळाच कीं."

वहिनींनीं थोडा विचार केला. "बरें. मला लागोपाठ चार मुली आल्या होत्या. मग पांचव्या वेळीं कवडी येणारच ना?"

नात पटकन् "हो" म्हणाली. लातूरकरांनीं कागदावरून मान वर केली. "चूक. परत टाकलें कीं पिशवींत पुन्हां दहा आणि दहाच असतात. पिशवीला मागचें आठवत नाहीं." हा पोरगा प्रश्नाला एका मिनिटाहून अधिक वेळ देतांना मीं प्रथमच पाहिला. नातीनें चूक मान्य केली. पुस्तकांत नसलेला प्रश्न वहिनींनीं विचारला होता, आणि चौथी उत्तीर्ण वहिनींइतका चांगला परीक्षक मीं माझ्या नोकरींत फारसा पाहिला नाहीं.

त्यांचा दुसरा प्रश्न ह्याहून कठीण होता. धाकटी सूनबाई पोरीला कडेवर घेऊन दारांत येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे पाहत वहिनी म्हणाल्या, "कवडी बापाच्या पिशवींत. मग मुलगा व्हायचें म्हणून औषध बाईला कां पाजतात?"

नात माझ्याकडे पाहूं लागली. मी तिच्या आजीकडे पाहिलें. कोणीच बोललें नाहीं. सूनबाईनें पोरीला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलें.

वहिनींनीं सांडलेले चिंचोके एकेक वेंचून आईच्या पिशवींत भरले, कवड्या मोजून बापाच्या पिशवींत टाकल्या, नाड्या आवळल्या, आणि पिशव्या नातीला परत न देतां आपल्याच कमरेला खोचल्या. रथसप्तमीला आळींत शेवटचें हळदीकुंकू होतें. त्या दिवशीं वहिनी धाकट्या सूनबाईला बरोबर घेऊन गेल्या, आणि पिशव्या त्यांच्या कमरेलाच होत्या.